आठ नंबरचे बूट

मंगळवारी सकाळी सव्वासहाला दार उघडलं आणि रॅकवर बूट नव्हते. बाकी सगळं जागच्या जागी होतं. माझ्या झिजलेल्या सपाता होत्या, मुलाला केव्हाच लहान झालेले सँडल होते, बंद तुटलेली पावसाळी चप्पल होती. गेले फक्त बूट. आठ नंबर, निळा रंग, पांढरा तळ, घेऊन पंधरा दिवस झालेले. चोराने अंधारात, घाईघाईत, हातांनी चाचपून आमच्या दारातली एकमेव धड वस्तू बरोबर ओळखली. आमच्या लग्नात आहेर निवडताना एकाही नातेवाईकाला हे जमलं नव्हतं.

आम्ही नवी मुंबईत, नेरुळला राहतो. १९७० साली हे शहर वसवायला सिडको स्थापन झाली तेव्हा इथे काय काय लागेल याचा कागदावर नीट विचार झाला होता. सेक्टर आखले, रस्ते रुंद ठेवले, स्टेशनांच्या डोक्यावर ऑफिसं बांधली. चोरांनी कुठल्या सेक्टरात राहायचं हे तेवढं आराखड्यात नव्हतं. ते आपले आपण आले. आमच्या सोसायटीत चार विंग, ८४ फ्लॅट, १६ कॅमेरे, दोन वॉचमन, एक गणपती आणि तीन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. एक अधिकृत, एक चेअरमनविरोधी आणि एक फक्त नारळपाणीवाला गेटवर आला की कळवण्यासाठी. बूट गेल्याची बातमी तिन्हींवर साडेसहाला पोचली. नारळपाणीवाल्यालाही कळली असावी.

पहिला प्रश्न ३०४ च्या काकूंनी विचारला. "बाहेर कशाला ठेवले होते?"

दुसरा प्रश्न लिफ्टमध्ये आला. "नवे बूट कोणी बाहेर ठेवतं का?" तिसरा दूधवाल्याचा. "साहेब, बाहेर होते?" दुपारपर्यंत हा प्रश्न मला चौदा जणांनी विचारला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाच्या दाराबाहेर चपला-बुटांचे किमान चार जोड होते. मी मोजले. चोरी झालेल्या माणसाला दुसरं काम नसतं. "बाहेरून कोणी नेणार आहे, हे ठाऊक असतं तर आत ठेवले असते," असं उत्तर मला संध्याकाळी सुचलं. तोवर प्रश्न विचारणारे जेवायला बसले होते.

हे आमच्याच सोसायटीत घडतं असं नाही. १९६६ साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचा निष्कर्ष छापला. एका बाईला विजेचे झटके बसताहेत असं नाटक रचलं होतं आणि बघायला लोक बसवले होते. ज्यांना ते झटके थांबवता येत नव्हते, त्यांनी थोड्या वेळाने त्या बाईलाच नावं ठेवायला सुरुवात केली. जगात न्याय आहे, कुणाचं उगाच वाईट होत नाही, हे स्वतःला पटवायचं तर सोसणाऱ्याच्याच माथी काहीतरी मारावं लागतं. लर्नरसाहेबांना त्यासाठी प्रयोगशाळा लागली. आमच्याकडे तळमजला ते चौथा मजला एवढा लिफ्टचा प्रवास पुरतो. माझ्या बावळटपणामुळे बूट गेले हे एकदा ठरलं, की उरलेल्या ८३ फ्लॅटांतले बूट आपोआप सुरक्षित होतात. एवढी स्वस्त सुरक्षा कुठली एजन्सी देणार?

बुधवारी सेक्रेटरींची नोटीस आली. चोरीबद्दल नव्हती. पॅसेजमध्ये शू रॅक ठेवल्याने आगीच्या वेळी अडथळा होतो, तरी सात दिवसांत रॅक हटवावं, अन्यथा दंड. अकरा वर्षं ते रॅक तिथे आहे. अकरा वर्षं सेक्रेटरी त्याला वळसा घालून वर्गणी मागायला येतात. चोर येऊन गेला नसता तर ते त्यांच्या डोळ्यांवर आलं नसतं. बूट गेले माझे, नोटीस आली मला, आणि खाली सहीसाठी जागाही मलाच.

आता ज्यांचे बूट गेले नाहीत त्यांच्याविषयी. त्यांना हायसं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. समोरच्या ४०२ वाल्यांना वाटलं नाही. त्यांच्या रॅकवर त्यांच्या मुलाचे कुठलेसे परदेशी बूट होते, माझ्या बुटांच्या तिप्पट किमतीचे. चोराने त्यांना हातही लावला नव्हता. "त्याला ब्रँडची अक्कलच नाही," असं ते तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाजात दुःख होतं. मी त्यांचं सांत्वन केलं. कदाचित घाईत असेल, म्हटलं. ते म्हणाले, घाईत होता तर तुमचे कसे दिसले? माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आमचे संबंध जरा ताणलेले आहेत.

आणि चोरी छोटी असली की लोकांना मोठी आठवते. माझं रडगाणं अर्ध्यावर तोडून जो तो जुईनगरला पोचतो. नोव्हेंबर २०१७ मधली गोष्ट. एका बँकेच्या शेजारचा गाळा भाड्याने घेतला, तिथे किराणा दुकान थाटलं, आतून थेट लॉकरच्या खोलीपर्यंत भुयार खणलं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत ३० लॉकर रिकामे केले. सोमवारी बँक उघडली तेव्हा जमिनीला भोक. ही कथा सांगताना आमच्या चेअरमनच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते सत्यनारायणाच्या पूजेलाही येत नाही. "नियोजन बघा! महिनोन् महिने माती कुठे टाकली असेल?" ज्यांच्या आयुष्यभराच्या पाटल्या-बांगड्या त्या भोकातून गेल्या, त्यांचा उल्लेख या कथेत मी आजवर ऐकलेला नाही. माती कुठे गेली हा प्रश्न मात्र दर वेळी असतो.

आपल्या वर्तमानपत्रांनीही ही उतरंड भाषेत पक्की बसवली आहे. दरोडा नेहमी 'धाडसी' असतो. घरफोडीत 'डल्ला मारतात'. त्याखाली 'हात साफ'. आणि सगळ्यात तळाला 'भुरटा चोर'. भुरटा चोर पकडला गेला की त्याला खांबाला बांधतात. भुयार खणणाऱ्याचं नियोजन बघतात. माझा चोर चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने आला असेल, कारण लिफ्टचा दरवाजा आमच्याकडे किंचाळतो. त्याच्या गुडघ्यांना कोणी धाडसी म्हणणार नाही.

पोलीस स्टेशनला गेलो. कुठलं ते सांगत नाही, आणि तक्रारही नाही, कारण तिथे मला पाणी विचारलं गेलं. ठाणे अंमलदार शांत माणूस होता. त्याने विचारलं, काय गेलं? म्हटलं, बूट. त्याने पेन उचललं होतं ते पुन्हा टेबलावर ठेवलं. "दोन्ही?"

मग किंमत विचारली. आणि इथे माझी पंचाईत झाली. कारण या बुटांच्या तीन किमती होत्या. बायकोला सांगितलेली १,७९९, सेलमध्ये. शेजाऱ्यांना सांगितलेली ५,५००, कारण चोरी झाल्यावर वस्तूचा भाव वाढतो. सोन्यासारखंच आहे ते, फक्त गेल्यानंतर वाढतं. आणि खरी ३,४९९. बायको शेजारीच बसली होती. मी विचार करत होतो. अंमलदाराने मला मदत करण्यासाठी कायदा समजावला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, साहेब. चोरीचं जुनं ३७९ कलम गेलं, ३०३ आलं. पाच हजारांच्या आतली वस्तू असेल तर गुन्हा अदखलपात्र. एनसी घेतो, नंबर देतो. पाच हजारांच्या वर असेल तर दखलपात्र, मग गुन्हा दाखल, तपास, सगळं. किती लिहू?

माणसाच्या चारित्र्याची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला पोलीस स्टेशनात बायकोशेजारी बसवून बुटांची किंमत विचारावी. ५,५०० म्हटलं असतं तर राज्य शासन माझ्या बुटांमागे लागलं असतं. तोंडात आकडा आलाही होता.

"बिल आहे?" अंमलदार म्हणाला.

बिल मोबाइलवर होतं. मी शोधतो शोधतो म्हणेपर्यंत बायकोने फोन हातातून घेतला आणि एका बोटात काढून दाखवलं. ३,४९९. खोलीत शांतता. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. अंमलदाराने आधी बिलाकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे, मग सावकाश पेन उचललं. "चोराचा गुन्हा अदखलपात्र आहे, साहेब," तो म्हणाला. "तुमचा दखलपात्र दिसतोय."

त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. पाच हजारांच्या आतला चोर पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा समाजसेवेची. कल्पना मला आवडली. ती सोसायटीत सांगितल्यावर सेक्रेटरींनाही आवडली. झाडूवाला गावाला गेलाय, आठ दिवस जिना तसाच आहे. चोर लवकर सापडावा असं पहिल्यांदाच सगळ्यांना मनापासून वाटलं.

आमची आजी म्हणायची, चोराला एक पाप आणि ज्याचं गेलं त्याला शंभर. लहानपणी हा मला उघड अन्याय वाटायचा. चोराने तांब्या नेला, त्यात माझ्या आजोबांचं काय पाप? आजी म्हणायची, चोराने एकच तांब्या नेला. तुझ्या आजोबांनी गावातल्या शंभर माणसांवर संशय घेतला.

माझी यादी शंभराची नव्हती, सातांची होती. मंगळवारी रात्री झोप येईना म्हणून मनातल्या मनात केली. धुणंभांडी करणाऱ्या मावशी (त्या सकाळी आठला येतात, बूट सव्वासहाला नव्हते, तरीही). पाचव्या मजल्यावर काम करणारे दोन रंगारी. पार्सल आणणारा पोरगा. पाण्याचे जार देणारा. कचरा नेणारा. आणि वॉचमन मामा. यादी पूर्ण झाल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि लक्षात आलं, की ८४ फ्लॅटांत दोनशे-अडीचशे माणसं राहतात, त्यांतल्या निम्म्यांचे पाय आठ नंबरचे असतील, पण ज्याच्या नावावर टू बीएचके आहे असा एकही माणूस यादीत नव्हता. रात्री दीड वाजता, कोणी विचारलेलं नसताना, कोणाला दाखवायचं नसताना मी ती यादी केली होती. म्हणजे ती तयारच होती. बूट फक्त निमित्ताला गेले.

सकाळी ती यादी मी कोणालाही सांगितली नाही. गरज पडली नाही. सेक्रेटरींकडे तीच होती, त्याच क्रमाने. ते खाली गेले आणि वॉचमन मामांना म्हणाले, पिशवी दाखवा. मामा धाराशिवकडचे, पन्नाशी ओलांडलेले, रात्रपाळी संपवून निघाले होते. त्यांनी टेबलावर पिशवी रिकामी केली. डबा, मफलर, बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, नातवासाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा. त्या पिशवीत आठ नंबरचा एक बूट मावला नसता, जोड तर लांबच. हे पिशवी उघडण्याआधीही दिसत होतं. मी तिथेच उभा होतो. "अहो, राहू द्या" हे तीन शब्द आहेत. मला मराठी येतं, मी त्याच भाषेत सदर लिहितो. ते तीन शब्द मी पिशवी पुन्हा भरून झाल्यावर म्हटले.

आता कॅमेरे. सोळापैकी अकरा चालू होते, पैकी आमच्या मजल्यावरचा जळमटात गुंडाळलेला. त्यात पहाटे तीनच्या सुमाराला एक करडा ढग डावीकडून उजवीकडे जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. चेअरमन म्हणाले, हाच. मी म्हटलं, हो, हाच. ढगाच्या पायात काय होतं ते दिसलं नाही. मग गेटवरचा बघू, बागेतला बघू, असं करत आम्ही पाच-सहा जण ऑफिसात बसलो आणि बागेच्या कॅमेऱ्याने पहाटे साडेपाच ते साडेसहा या एका तासाचं जे चित्र दाखवलं ते असं: एक गृहस्थ येतात, इकडेतिकडे पाहतात, 'फुले तोडू नयेत' या पाटीवर एक हात टेकतात आणि दुसऱ्या हाताने जास्वंदीची फांदी वाकवतात. त्यांच्यानंतर एक काकू. मग एक आजोबा, हातात चक्क आकडी, म्हणजे पूर्वतयारी. मग कढीपत्त्याला एक. एका तासात एकूण अकरा. चोर एक शोधायला बसलो होतो, अकरा सापडले. त्यांत आकडीवाले आजोबा हे चेअरमनचे वडील, आणि आठवा, कानटोपी घातलेला, दुधाच्या रिकाम्या पिशवीत तगर भरणारा, तो मी.

"देवाची फुलं," चेअरमन म्हणाले.

"देवाचीच," मी म्हटलं.

"पुढे घ्या," सेक्रेटरी म्हणाले, आणि ऑपरेटर पोराने पुढे घेतलं. तो पोरगा हसला नाही. नोकरी टिकवायची असेल तर हेच करावं.

मराठीत आपल्या चोरीला किती छान शब्द आहेत बघा. आपण फुलं 'घेतो'. ऑफिसातलं पेन घरी 'येतं'. लायब्ररीचं पुस्तक आपल्याकडे 'राहतं'. हॉटेलातला साबण 'उचलतो', आणि तोही गंमत म्हणून. मे २०१७ मध्ये मुंबईहून गोव्याला तेजस एक्स्प्रेस पहिल्यांदा धावली आणि परत येईपर्यंत तिच्यातले डझनभर हेडफोन 'गायब' झाले. झाले, कोणी केले नाहीत. पश्चिम रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतून २०१७-१८ या एका वर्षात दोन लाखांच्या घरात टॉवेल गेले, चादरी आणि उशांचे अभ्रे वेगळे. या डब्यांत माझ्या यादीतले रंगारी आणि जारवाले प्रवास करत नाहीत. हे टॉवेल ज्या घरांत आज पायपुसणी झाले आहेत, त्या घरांच्या दारावर 'विक्रेत्यांना प्रवेश बंद' अशी पाटी असते.

'उचलणं' हा शब्द मात्र सगळ्यांना सारखा पडत नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. तिथे उचल्या हे हौसेचं क्रियापद नाही, अख्ख्या जमातीवर मारलेला शिक्का आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात मूल जन्माला आलं की चोर ठरलेलं असायचं, चोरी तेवढी व्हायची बाकी. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, काटेरी कुंपणाच्या वसाहती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. माझी मंगळवारी रात्रीची यादी त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी झाली, कुंपण नव्हतं एवढंच.

यादीवरून नेरळ आठवलं. नेरळ, नेरुळ नव्हे. एका उकाराचा फरक आहे आणि आमच्याकडे येणारे पाहुणे त्यापायी कर्जतच्या लोकलमध्ये बसतात. जुलै २०२४ मध्ये नेरळला एका बंद घरात चोरी झाली. घरचे काही दिवस विरारला गेले होते. चोराने एलईडी टीव्ही नेला, आणखी काही सामान नेलं आणि उरलेलं न्यायला पुन्हा आला. तेव्हा त्याला भिंतीवरचा फोटो दिसला. घर नारायण सुर्व्यांचं होतं. आता तिथे त्यांची मुलगी आणि जावई राहतात. चोराने नेलेलं सामान परत आणून ठेवलं आणि भिंतीवर चिठ्ठी लावून गेला. एवढ्या मोठ्या कवीच्या घरात चोरी केली, माफ करा, अशा अर्थाची. पोलिसांनी आपलं काम केलं, टीव्हीवरचे बोटांचे ठसे घेतले. पश्चात्ताप झाला तरी ठसे राहतातच.

सुर्वे २०१० च्या ऑगस्टमध्ये गेले. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेलं बाळ, गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी उचलून घरी आणलं (हेही उचलणंच) आणि आपलं नाव दिलं. गिरणीत खपले, शाळेत शिपाई झाले, १९६६ साली 'माझे विद्यापीठ' आलं, १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९९८ ला पद्मश्री. माझ्या यादीत जी सात माणसं होती, त्यांच्यासारख्यांवरच त्यांनी आयुष्यभर लिहिलं. नेरळच्या चोराने हे कुठे वाचलं, शाळेत की बाहेर, ठाऊक नाही. पण जाऊन चौदा वर्षं झालेल्या कवीचा चेहरा त्याने चोरीच्या घाईत ओळखला.

मी ही जुनी बातमी हौसेने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तीन उत्तरं आली. एक अंगठा. "टीव्ही किती इंची होता?" आणि सी विंगमधून, "सुर्वे कुठल्या विंगचे?"

हसून घेतलं, पण रात्री एक गोष्ट मला खायला लागली. माझ्या दारावर पितळी पाटी आहे. नाव, आणि त्याखाली जरा लहान अक्षरात 'लेखक'. मुलाने पहिल्या पगारातून करून दिली. तिच्यावर रात्रभर दिवा असतो. चोर त्या पाटीखाली उभा होता. रॅक बरोबर पाटीखालीच आहे. त्याने पाटी वाचली असणार. एवढी वर्षं मी दर आठवड्याला लिहितो. वाचली, आणि बूट घेऊन गेला. चिठ्ठी नाही, काही नाही. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कदाचित वाचली म्हणूनच नेले असतील." तीन किमतींचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी माणसांचे चेहरे पाहिलेच नाहीत. नेरुळ स्टेशनच्या जिन्यावर, 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याभोवती सकाळच्या फेऱ्यांत, भाजीच्या रांगेत, सगळीकडे खाली बघत चाललो. शहर पायांकडून फार वेगळं दिसतं. भारी पँटीखाली उसवलेले बूट असतात. बांधकामावरच्या बाईच्या पायात पुरुषी बूट असतात, दोन नंबर मोठे, चिंध्या कोंबलेले. कोणाच्या पायात काय आहे यावरून ते कुणाचं असेल, असा विचार करायची सवय लागली की सगळं शहर चोरीचा माल वाटायला लागतं.

आणि एका रविवारी तळ्याकाठी दिसले. निळे, पांढरा तळ, आठच नंबर असावा. पायात घालणारा चाळिशीचा, टी-शर्टवर मॅरेथॉनचं चित्र. मी अर्धी फेरी त्याच्या मागे चाललो. त्याने वळून पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं. आणखी पाव फेरी गेल्यावर तो थांबला. "काका, काय झालं?" माझ्या तोंडात जे होतं ते गिळून मी म्हटलं, "काही नाही, बूट छान आहेत. कुठे घेतले?" त्याने दुकान सांगितलं, शनिवारची तारीख सांगितली आणि विचारलेलं नसताना किंमतही सांगितली. २,७९९. म्हणजे सातशे रुपये माझे चोर यायच्या आधीच गेले होते. त्याची एनसी कुठे होते?

वॉचमन मामांबद्दल राहिलं. ते पूर्वी मला रोज "नमस्कार साहेब" म्हणायचे. आता म्हणत नाहीत. मी गेटमधून आत आलो की खुर्चीतून उठतात, हे पूर्वी करत नव्हते, आणि म्हणतात, "साहेब, बूट आत घेतले ना?" आवाजात काहीही नसतं. मी "हो, हो" म्हणतो आणि जिन्याने वर जातो. दिवाळीला त्यांना पाकीट जरा जाड द्यायचं ठरवलंय. बायको म्हणते, पाकीट नको, चारचौघांत माफी माग. मी बघतो म्हटलंय.

रॅक सातव्या दिवशी आत आणलं. आता हॉलमध्ये आमच्या सपाता टीव्हीखाली असतात. एनसीचा कागद फ्रिजवर लावलाय, बायकोने लावलाय, त्यातला ३,४९९ चा आकडा लाल पेनने गोल करून.

आता फक्त एका वाचकाशी बोलायचं आहे. तुम्ही हे वाचत असाल तर, पाटी वाचली होती की नाही, ते सोडा. बूट परत नकोत, चिठ्ठीही नको. फक्त डावा टाचेला चावतो. पंधरा दिवसांत माझ्याही पायाला तो सरावला नव्हता. आतून टाचेपाशी दोन-तीन रात्री खोबरेल लावून ठेवा, आणि पहिले चार दिवस जाड मोजे घाला.